घरी निघालेला माणूस

कथा एवढीशीच आहे. न्यूयॉर्कमधला एक काळा तरुण, कार्टर जेम्स, व्यंगचित्रं काढणारा. आदल्या रात्री एका मुलीच्या घरी राहिला. सकाळी उठतो, तिचा निरोप घेतो नि घरी जायला निघतो. घरी कुत्रा एकटा आहे, जेटर त्याचं नाव. खाली रस्त्यावर येऊन कार्टर सिगारेट पेटवतो, तेवढ्यात एका माणसाला धक्का लागतो, कॉफी शर्टावर सांडते. झालं. मर्क नावाचा गोरा पोलीस पुढे येतो. काय ओढतोयस? पिशवीत काय आहे? दाखव. कार्टर नकार देतो, झटापट होते, आणखी दोन पोलीस धावतात, त्याला दाबून धरतात नि त्याचा श्वास बंद पडतो. मेला. डोळे उघडतो तर परत त्याच मुलीच्या बिछान्यात. तीच सकाळ. परत निघतो. परत मर्क. परत मरण.

'टू डिस्टंट स्ट्रेंजर्स' हा तो सिनेमा. जेमतेम अर्ध्या तासाचा. ट्रॅव्हॉन फ्री या काळ्या लेखकानं तो लिहिला आणि त्यानं व मार्टिन डेझमंड रो यानं मिळून दिग्दर्शित केला. कार्टरचं काम जोई बॅडॅस या रॅप गायकानं केलंय, मर्कचं अँड्र्यू हॉवर्डनं. २०२१ च्या एप्रिलात तो नेटफ्लिक्सवर आला नि त्याच महिन्यात त्याला लघुपटाचं ऑस्कर मिळालं. ऑस्करचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी करावं. इथं लिहायचं कारण दुसरं आहे.

दोस्तहो, आपल्या लिखाणावर एक आरोप किती वर्षं ऐकतोय आपण? तेच ते. १९७८ ला 'बलुतं' आलं, १९८० ला 'उपरा', १९८४ ला 'अक्करमाशी'. पहिल्या पुस्तकाला पांढरपेशे वाचक हळहळले, दुसऱ्याला माना डोलवल्या, पुढं पुढं जांभया द्यायला लागले. पुन्हा तीच भूक, तोच पाणवठा, तोच हेटाळणारा मास्तर. काहीतरी नवं लिहा म्हणे. आता यांना कोण सांगणार की बाबांनो, आमच्या आज्यावर जे गुदरलं तेच बापावर गुदरलं, तर लिहिणाऱ्यानं नवं आणायचं कुठून? तोचतोचपणा लिखाणाचा दोष म्हणून मोजतात, पण जगण्यातला तोचतोचपणा कुणी मोजत नाही. हा सिनेमा त्या आरोपाला नुसतं उत्तर देत नाही, तो आरोपच उचलून कथेची चौकट करतो. तोच दिवस, तोच पोलीस, तोच मुडदा. घ्या, बघा किती वेळा बघवतं ते.

एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवण्याची युक्ती नवीन नाही. १९९३ साली हॅरॉल्ड रेमिसनं 'ग्राउंडहॉग डे' काढला, बिल मरे त्यात हवामानाच्या बातम्या सांगणारा. खडूस, आत्मप्रौढ. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात तो २ फेब्रुवारीच्या दिवसात अडकतो. आधी मजा मारतो, मग जीव द्यायला बघतो, मग हळूहळू पियानो शिकतो, बर्फाचे पुतळे करतो, म्हाताऱ्या भिकाऱ्याला वाचवायला धडपडतो. चांगला माणूस होतो आणि सुटतो. हसवणारा, नीट बांधलेला सिनेमा आहे तो, वाईट म्हणणार नाही. पण त्याच्या बुडाशी एक समजूत आहे. दिवस अडकला तो तुझ्यातल्या खोटीमुळं. तू सुधार, दिवस पुढं सरकेल. जणू सगळं विश्व त्या एका गोऱ्या माणसाची शिकवणी घ्यायला थांबलेलं आहे.

कार्टरनं काय सुधारायचं? तो चांगलाच आहे. घाईनं चालून बघतो, सावकाश चालून बघतो, नम्र बोलून बघतो. दर वेळी काहीतरी शिकतो नि शिकलेलं काहीही कामाला येत नाही. काळजाला पहिला चटका बसतो तो इथं. श्वास कोंडल्याचा प्रसंग तर भयंकरच आहे. एरिक गार्नर १७ जुलै २०१४ ला न्यूयॉर्कमध्ये तसाच मेला, जॉर्ज फ्लॉइड २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये. ते आपण बातम्यांत पाहिलं होतं. पण कार्टर तिसऱ्या-चौथ्या वेळी जिना उतरताना स्वतःचेच हातपाय सांभाळत उतरतो, कुठला हात कुठं ठेवला म्हणजे आपण जिवंत राहू याचा हिशोब करत, ते जास्त लागतं. बाटगं पाणी अंगावर उडू नये म्हणून रस्त्याच्या कडेनं चालायला शिकवलेल्या पोराला हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाबासाहेबांनी १९३२ च्या नोव्हेंबरात ठक्करांना एक पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यतानिवारणाचं काम कसं करावं याबद्दल. त्यात त्यांनी दोन वाटा मांडल्या. एक वाट मानते की माणूस गरीब, घाण, दीन राहतो तो स्वतःच्या दुर्गुणांमुळं, म्हणून त्याला सद्गुण शिकवा. दुसरी मानते की माणसाचं नशीब त्याच्या भोवतालची परिस्थिती ठरवते, म्हणून परिस्थितीला हात घाला. बाबासाहेब दुसऱ्या वाटेचे, हे सांगायला नको. मला वाटतं या दोन सिनेमांमधला फरक त्या पत्रात आधीच लिहून ठेवलाय. 'ग्राउंडहॉग डे' पहिल्या वाटेचा आहे.

दुसरा प्रसंग बघा. कार्टर ठरवतो, बाहेर जायचंच नाही. घराबाहेर धोका आहे ना, मग घरातच बसू. पेरी (ती मुलगी) आणि तो, दार बंद. दोघं हसतायत, बोलतायत. क्षणभर आपल्यालाही वाटतं की सुटला. नि दार फोडून शिरस्त्राणं घातलेले हत्यारबंद पोलीस आत घुसतात नि गोळी घालतात. पत्ता चुकला होता म्हणे, दुसऱ्याच कुणाच्या घरावर धाड होती.

हे रचलेलं नाही. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर लुईव्हिल शहरात ब्रिओना टेलर स्वतःच्या बिछान्यात झोपलेली होती. आजारी-जखमींना मदत करण्याचं काम करणारी, वय २६. पोलीस ज्याच्या मागावर होते तो माणूस तिथं राहतही नव्हता. दार फोडलं नि गोळ्या घातल्या. घराला चार भिंती नि एक दार असतं ते कशासाठी? बाहेरचं जग बाहेर राहावं म्हणून. काही माणसांच्या दाराला ती ताकदच दिलेली नाही. झोपडी पाडायला बुलडोझर येतो तेव्हा कडी लावून बसलेल्या बाईला हे कळतं. गावकुसाबाहेरची वस्ती पेटवायला जमाव येतो तेव्हाही कळतं. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गाव सोडून पळाली. कितीक परत गेलीच नाहीत. त्यांच्यासाठी घर हा शब्द तेव्हापासून पत्ता राहिला नाही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी सिनेमा बघायलाच पाहिजे. नव्याण्णव वेळा मेल्यावर कार्टर मर्ककडं सरळ चालत जातो नि सगळं सांगून टाकतो. तू मला रोज मारतोस. पुरावा म्हणून रस्त्यावर पुढच्या क्षणी कोण काय करणार ते आधीच सांगतो, तसंच घडतं. मला फक्त घरी सोड, म्हणतो. मर्क कबूल होतो. गाडीत बसून दोघं निघतात, बोलतात. पोलीस असे का, काळ्यांनी काय भोगलं, दोघंही आपापलं मांडतात. गाडी कार्टरच्या दारात पोचते. काहीही होत नाही. हस्तांदोलन होतं. पाठ वळवून कार्टर दाराकडं निघतो. घर चार पावलांवर.

मागून टाळ्या वाजतात.

मर्क टाळ्या वाजवतोय. नाटक छान केलंस म्हणतो. त्याला सगळं आठवत होतं. पहिल्या दिवसापासून, पहिल्या मरणापासून. आणि तो पाठीत गोळी घालतो, उद्या भेटू म्हणून गाडीत बसतो.

इथं मी सिनेमा थांबवला नि थोडा वेळ तसाच बसलो. कारण आपल्यातल्या कित्येकांनी, चांगल्या चांगल्या कवींनीसुद्धा, मनात कुठंतरी एक आशा जपलेली असते. त्याला माहीत नाही म्हणून तो असा वागतो. आपण नीट समजावलं, आपली गोष्ट सांगितली, तर तोही माणूस आहे, पाझर फुटेल. हृदयपरिवर्तन! अर्ध्या दलित साहित्याचा अदृश्य वाचक हाच आहे, सवर्ण, सज्जन, अजाण. सिनेमा म्हणतो, अजाण कोण? त्याला तुझ्यापेक्षा जास्त आठवतंय. त्यानं तुझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, दाद दिली, टाळ्या वाजवल्या. आपल्या पुस्तकांच्या सत्कारसमारंभांत वाजणाऱ्या टाळ्या आठवल्या तर आठवू द्या.

मर्कला खलपुरुष केलाय, अशी तक्रार करता येईल. खरा पोलीस असा हसत हसत मारत नाही, तो घाबरलेला असतो, गोंधळलेला असतो, असं शहाणी माणसं म्हणतील. एकेका पोलिसाचं मन बघितलं तर असेलही. पण मर्क हा एक माणूस नाहीच. रोज सकाळी तोच कोपरा धरून उभी राहणारी ती व्यवस्था आहे. व्यवस्थेची आठवण माणसाच्या आठवणीपेक्षा लांब असते, तिच्याकडं दप्तर असतं.

गोळी लागल्यावर वरून दाखवलंय. कार्टर पडलेला, रक्त पसरत जातं नि त्या रक्ताचा आकार होतो आफ्रिका खंडाचा. कलावादी समीक्षक इथं नाक मुरडतील, फार ठळक झालं म्हणून. ठळक आहेच. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं नि अजूनही थोडं वाटतं. पण या माणसाचं घर कुठलं, हा प्रश्न न्यूयॉर्कमधल्या त्या इमारतीपाशी संपत नाही. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं उतरवली गेली. तेव्हापासून त्यांच्या लेकरांना मागचं घर पुसून टाकलेलं आहे नि पुढचं घर मिळू दिलेलं नाही. दाराशी पोचलेला माणूस दाराबाहेर मरतो नि त्याचं रक्त ते जुनं घर काढून दाखवतं. आपला जुना गाव आठवून गलबलणारे लेखक मराठीत पोत्यानं आहेत. त्यांचा गाव त्यांना आठवायला तरी मिळाला.

आता तक्रारी. पेरीला सिनेमात जवळजवळ काम नाही. ती बिछान्यात आहे, हसते, निरोप देते. नवऱ्याची, भावाची, पोराची वाट बघणाऱ्या बाईचा दिवससुद्धा असाच अडकलेला असतो, तिकडं कॅमेरा वळतच नाही. आपल्याकडच्या आत्मकथांतही आई-बहिणी अशाच कडेला उभ्या राहिल्या आणि बायकांनी स्वतः लिहायला लागेपर्यंत तशाच राहिल्या. गाडीतलं संभाषणही तोकडं आहे, भाषणाच्या अंगानं जातं. आणि एक मोठा आक्षेप काळ्या समीक्षकांनीच घेतला की आमचं मरण किती वेळा पडद्यावर दाखवणार, कुणाच्या करमणुकीसाठी? हा आक्षेप मला खोडता येत नाही. खैरलांजीनंतर, २००६ साली, तिथल्या मृतदेहांची छायाचित्रं हातोहात फिरली तेव्हा आपल्यातही हाच वाद झाला होता. दाखवलं नाही तर कुणी मानत नाही, दाखवलं तर तमाशा होतो. सिनेमा या दोरीवर चालतो नि एक-दोन ठिकाणी घसरतो. गोळ्यांचे धडाधड तुकडे जोडून मरणाची मालिका दाखवलीय, तिथं तर जवळपास व्हिडिओ गेम होतो.

आपलं नि त्यांचं नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, आणि ती ब्लॅक पँथर १९६६ ला उभी राहिली होती तीही रस्त्यावरच्या पोलिसांवर नजर ठेवायलाच. म्हणजे कार्टर ज्या कोपऱ्यावर मरतो, तिथंच.

शेवटी कार्टर परत उठतो. तीच सकाळ. आता त्याला कळलंय की मर्कला सगळं ठाऊक आहे, बोलण्याचा उपाय संपलाय. तरी तो पिशवी उचलतो नि निघतो. कुत्रा घरी आहे, त्याच्याकडं जायचंय, कितीही वेळ लागो. यात मला आशा दिसली असं म्हणणार नाही, तो शब्द फार स्वस्त झालाय. कुत्र्याला खायला घालायचं असतं, म्हणून माणूस निघतो.

नंतर ब्रूस हॉर्न्सबीचं १९८६ चं गाणं लागतं, 'द वे इट इज'. याच सुरावर टुपाक शकूरनं 'चेंजेस' बांधलं नि सिनेमाचं नाव त्यातूनच घेतलंय. गाण्याबरोबर पडद्यावर नावं येतात, पोलिसांच्या हातून मेलेल्यांची, नि प्रत्येकजण तेव्हा काय करत होता ते. तमीर राइस, बारा वर्षांचा, बागेत खेळत होता. बोथम जीन स्वतःच्या घरात आइस्क्रीम खात होता. अटाटियाना जेफरसन घरी भाच्याला सांभाळत होती. ब्रिओना झोपली होती. बरेचजण घरात होते किंवा घरी निघाले होते. नेटफ्लिक्स इथं पडदा लहान करून पुढचा कार्यक्रम दाखवायला बघतं. ते बटण दाबू नका, यादी पूर्ण वाचा.