गिअरचा धडा : बरोबर, पण अर्धाच

गिअर हा विषय आपल्याकडे बहुधा एकाच पद्धतीने शिकवला जातो. दोन दंतचक्रांची आकृती, दातांच्या संख्येचे गुणोत्तर आणि शेवटी एक वाक्य : 'खालचा गिअर शक्ती देतो, वरचा गिअर वेग देतो.' गाडी शिकणाऱ्यांनाही हेच वाक्य ऐकवले जाते. ते लक्षात ठेवायला सोपे आहे. पण त्यात एक चूक आहे आणि एक मोठी उणीव आहे. चुकीमुळे संकल्पना बिघडते. उणीव मात्र रस्त्यावर जिवाशी येऊ शकते.

आधी या धड्यातील बरोबर भाग पाहू. इंजिनाचे फिरणे चाकापर्यंत पोहोचताना दोनदा मंद होते. एकदा गिअरबॉक्समध्ये आणि पुन्हा एकदा चाकांच्या आसाजवळच्या कायमच्या दंतचक्रांत. एकूण गुणोत्तर काढण्यासाठी या दोन्हींचा गुणाकार करायचा. हे दाखवायला मोटार उघडण्याची गरज नाही. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले मगन संग्रहालय वर्ध्यातच आहे, आणि चरखा तर जिल्ह्याला नवा नाही. पेटीचरख्यात मोठे चक्र दोरीने लहान चक्राला फिरवते आणि लहान चक्र चातीला. मूठ एकदा फिरवून चातीचे फेरे मोजले की दोन टप्प्यांचा गुणाकार डोळ्यांना दिसतो. फरक दोनच. चरख्यात वेग वाढत जातो, मोटारीत घटत जातो. दोरी थोडी घसरू शकते, दात घसरत नाहीत.

आता आकडे घेऊ. एका लहान मोटारीचे कायमचे गुणोत्तर ४ आहे आणि चाकाचा परीघ १.८ मीटर आहे, असे समजा. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५, दुसऱ्याचे २, चौथ्याचे १ आणि पाचव्याचे ०.८ धरा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चौथ्या गिअरमध्ये चाक ७५० फेरे घेते. म्हणजे मिनिटाला १३५० मीटर, अर्थात ताशी ८१ किलोमीटर. पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर १४ होते. तेव्हा त्याच ३००० फेऱ्यांना गाडी ताशी २३ किलोमीटरच जाते. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तो वेग पाचव्या गिअरमध्ये सुमारे ३५५० फेऱ्यांना मिळतो, चौथ्यात सुमारे ४४५० फेरे लागतात. 'इंजिन जोरात फिरते म्हणजे गाडी जोरात धावते' हा समज एवढ्या हिशेबाने गळून पडतो.

चूक आहे ती 'शक्ती' या शब्दात. भौतिकीत शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य. कोणताही गिअर ती वाढवत नाही. घर्षणात थोडी वाया जाते, एवढेच. पहिल्या गिअरमध्ये चाकावरचा पीळ, म्हणजे टॉर्क, इंजिनाच्या चौदापट होतो, आणि फेरे चौदाव्या हिश्श्यावर येतात. दोहोंचा गुणाकार तोच राहतो. एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने द्यायचे, असा हा व्यवहार आहे. कापसाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर वरच्या गिअरमध्ये का गुदमरतो, याचे उत्तर येथे आहे. सूत्र सांगते की इंजिन ३००० फेरे घेत असेल तर वेग किती. चढावर इंजिन ते फेरे टिकवू शकेल का, हे सूत्र सांगत नाही.

आता उणीव. धड्यात इंजिन नेहमी चाकाला फिरवते. प्रत्यक्षात दात दोन्ही बाजूंना बांधलेले असतात, चाकही इंजिनाला फिरवू शकते. आपल्याच मोटारीत ताशी ८१ किलोमीटर वेगाला कोणी पहिला गिअर घालून क्लच सोडला, तर चाके इंजिनाकडून मिनिटाला १०,५०० फेरे मागतील. सामान्य मोटारीचे इंजिन त्यात मोडेल.

घाट उतरताना हेच बंधन उपयोगी पडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना चाके इंजिनाला सुमारे ३००० फेरे घ्यायला लावतात. ॲक्सिलरेटर सोडलेला असल्यामुळे इंजिन विरोध करते, आणि तो विरोध आठपट होऊन चाकांवर येतो. चौथ्या गिअरमध्ये फेरे निम्मे आणि विरोध चौपटच. न्यूट्रलमध्ये तो शून्य.

तरीही डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना असते. नागपूर–अमरावती मार्गावर तळेगाव (श्यामजीपंत) जवळ सत्याग्रही घाट आहे. असा कोणताही घाट उतरताना काय होते ते मोजून पाहा. १० टनांचा ट्रक १०० मीटर खाली आला की सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात जवळपास ३० लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये या ऊर्जेचा जवळजवळ सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो, आणि फार तापलेले ब्रेक पकड सोडतात. शिवाय बचतीचा हिशेबही आज चुकीचा आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की आधुनिक इंजिनांत इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते.

ही उणीव धड्यात का राहते? त्याचे एक कारण आपले आवडते उदाहरण, म्हणजे सायकल. सायकलच्या मागील चाकात फ्रीव्हील असते. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. म्हणजे दोन बाजूंचे बंधन शिकवायचे तेव्हा आपण ते तोडणारे साधन समोर ठेवतो. वेग मोजायला सायकल उत्तम आहे, पण दुसऱ्या अर्ध्या धड्यासाठी लहान मुलांची तीनचाकी घ्यावी. तिची पायटी थेट पुढच्या चाकाला जोडलेली असतात. तीनचाकी हाताने पुढे ढकलली की पायटी आपोआप फिरू लागतात. ती हाताने रोखून धरली की चाकही अडते. आठवीच्या वर्गाला एवढे पुरेसे आहे.

मग फळ्यावर नेहमीच्या प्रश्नाखाली आणखी एक लिहावा : गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने उतारावरून येत आहे, तर प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे किती? आणि न्यूट्रलमध्ये गाडीला कोण रोखते? ज्या मुलांच्या घरी ट्रॅक्टर, ऑटो किंवा ट्रक आहे, ती हे उत्तर घरी घेऊन जातील.