द्वैभाषिक मुलांच्या चाचण्या नेमके काय मोजतात?

‘घरी सिंधी बोलू नका, मुलाचा गोंधळ होतो,’ असा सल्ला पालकांना सद्हेतूने दिला जातो. त्यामागे शास्त्र आहे अशी समजूत असते. ते शास्त्र तपासून पाहायला हवे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारच्या अंबरनाथला कारखान्यांमुळे अनेक प्रांतांचे कामगार आले. बदलापूरच्या आसपासच्या वाड्यांतून कातकरी मुले आपली बोली घेऊन शाळेत येतात. या पट्ट्यातल्या शिक्षकापुढे हा प्रश्न रोजच उभा असतो.

‘गोंधळा’च्या कल्पनेला बळ मिळाले ते डी. जे. सायर यांच्या १९२३ सालच्या वेल्समधील पाहणीने. सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिमापनात वेल्श व इंग्रजी बोलणारी ग्रामीण मुले मागे पडली. शहरी मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. दोष दोन भाषांचाच असेल, तर तो शहरात का दिसू नये? घरची परिस्थिती आणि इंग्रजीशी असलेला कमी-अधिक संबंध यांचा हिशेब या पाहणीत नीट झालेला नव्हता.

पील आणि लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना आर्थिक-सामाजिक स्तर सारखा राखला. तेव्हा द्वैभाषिक मुले पुढे निघाली! पण द्वैभाषिक म्हणून त्यांनी दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुले निवडली होती. त्या चाळणीत हुशार मुलेच वर राहिली असण्याचा संभव आहे. शिवाय, द्वैभाषिकतेचा लाभ दाखवणारे निष्कर्ष इतर निष्कर्षांपेक्षा अधिक सहज छापले जातात, हे एडिंबरोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. म्हणून दोन भाषांनी बुद्धी वाढते अशी जाहिरातही आम्ही करणार नाही.

आपल्याला अधिक जवळचे काम अजित मोहंती यांचे आहे. ओडिशातील कोंध आदिवासींचे काही गट कुई व ओडिया दोन्ही बोलतात, तर काही केवळ ओडिया. समाज एक, राहणीही सारखी. या तुलनेत दोन भाषांची मुले मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली.

मात्र व्यक्तीची चाचणी घेऊन समाजाची द्वैभाषिकता कळत नाही. हा भेद जोशुआ फिशमन यांनी १९६७ मध्ये स्पष्ट केला. ज्या समाजात प्रत्येक भाषेला स्वतःचे कार्यक्षेत्र असते, तेथेच दोन्ही टिकतात. उल्हासनगरचे एखादे कुटुंब कल्पून पाहा. आजोबा अरबी वळणाच्या लिपीत सिंधी वाचतात, वडील ती बोलतात पण वाचत नाहीत, नातवाला ती कळते पण तो उत्तर हिंदीत देतो. तिघेही द्वैभाषिक, तरी भाषा मात्र हातची निसटते आहे. सिंधीला १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण घरात आणि शाळेत जागा उरली नाही, तर अनुसूची काय करणार?

शिक्षकांच्या हाती बरेच आहे. सिंधी मूल ‘तो झाड’ म्हणते ते गोंधळून नव्हे. सिंधीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ते आपल्या भाषेचा नियम मराठीला लावते. चूक जरूर सुधारावी, पण ती बुद्धीच्या खात्यात मांडू नये. श्वास आत ओढल्यासारखे उच्चारायचे चार वर्ण सिंधीत आहेत. ‘दोन’ या अर्थाचा सिंधी शब्दच अशा ‘ब’ने सुरू होतो. तो त्या मुलाकडून वर्गाला ऐकवावा आणि सर्वांना म्हणून पाहू द्यावा. ध्वनिशास्त्राचा हा पाठ बिनखर्चाचा आहे.

घरची भाषा सोडा, असे सांगण्यास शास्त्राचा आधार नाही. मूल ती सोडते तेव्हा आजोबांशी बोलणेही तुटते, आणि ते कोणत्याच गुणपत्रिकेवर दिसत नाही.