आधी उत्तर, मग प्रश्न?

शालेय विज्ञान प्रदर्शनांना नियमित जाणाऱ्या माणसाला तिथली मांडणी न पाहताही सांगता येईल. एका टेबलावर ज्वालामुखी, शेजारी पवनचक्की, पलीकडे वाळू-खडी-कोळशाचे जलशुद्धीकरण आणि कोपऱ्यात पावसाचे पाणी साठवणारे घर. थर्माकोलच्या जागी पुठ्ठा आणि बल्बच्या जागी एलईडी आले, एवढाच काय तो फरक. मुले पाठ केलेली माहिती न अडखळता सांगतात. मध्येच कोणी प्रश्न विचारला, की मात्र पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते.

या मुलांनी मेहनत केलेली नसते असे मुळीच नाही. आक्षेप वेगळा आहे. या साऱ्या खटाटोपात त्यांना स्वतःला माहीत नसलेली एकही गोष्ट शोधून काढावी लागत नाही. उत्तर आधीच तयार असते. त्याची प्रतिकृती तेवढी बांधायची असते. प्रतिकृती करण्यात गैर काही नाही, पण तिला 'प्रकल्प' म्हणून गौरवताना आपण मुलांना विज्ञानाविषयी चुकीचे काही शिकवत आहोत, हे ध्यानात घ्यायला हवे.

ज्वालामुखी काय शिकवतो?

मातीच्या डोंगरात खाण्याचा सोडा ठेवून वर व्हिनेगर ओतले, की लाल फेस उसळतो. ही आम्ल आणि बायकार्बोनेट यांची अभिक्रिया आहे. तीत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याने फेस येतो. खऱ्या ज्वालामुखीत असे काही घडत नाही. शिलारसात विरघळलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ, दाब कमी होताच बाहेर पडू लागतात आणि शिलारसाला वर ढकलतात. याच्याशी अधिक जवळचे नाते सोडावॉटरच्या बाटलीचे आहे : झाकण उघडताच दाब उतरतो आणि बुडबुडे धावतात.

आणखी एक गंमत पाहा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसॉल्टवर वसला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. हा लाव्हा मुख्यतः जमिनीतील लांबलचक भेगांतून वाहिला. म्हणजे शाळेच्या पायाखाली खरा ज्वालामुखीजन्य खडक आहे आणि टेबलावर मात्र परदेशी पुस्तकातला टोकदार डोंगर! डोंगरकड्यात लाव्हाचे किती थर दिसतात, कोणत्या थरात पोकळ्या जास्त आहेत, हे मोजायला एक दोरी आणि वही पुरते. पण त्यातून फेस येत नाही, आणि फेस नसेल तर परीक्षक थांबत नाहीत.

एक साधा प्रश्न घेऊ

'माठात पाणी थंड का होते?' हा प्रकल्पाचा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात आहे. 'आपल्या गावात माठातले पाणी किती अंशांनी थंड होते आणि ते कशावर अवलंबून असते?' हा प्रकल्पाचा प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

मुले लगेच एका बाजूला माठ आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचा डबा ठेवतील. येथे शिक्षकाने हळूच थांबवावे. या जोडीत पाझर बदलतो, तसाच पदार्थ, जाडी आणि आकारही बदलतो. फरक दिसला तर श्रेय कोणाला द्यायचे? त्यापेक्षा एकाच कुंभाराकडून सारखी दोन मडकी आणावीत. एकाला बाहेरून ऑइलपेंट लावून तो पूर्ण वाळू द्यावा. दोन्ही आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवावीत, मग रिकामी करून सारखेच पाणी मोजून भरावे, सारखीच झाकणे ठेवावीत. सावलीत ठेवून दर तासाला पाण्याचे व हवेचे तापमान लिहावे. दुसऱ्या दिवशी मडक्यांच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे वाऱ्याची झुळूक एकाच्याच वाट्याला आली असेल तर ते उघड होईल.

संध्याकाळी उरलेले पाणी मोजपात्राने मोजले, की हिशेबही करता येतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायचे तर १००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे १० ग्रॅम पाणी उडाले तर लिटरभर पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड व्हायला हवे. प्रत्यक्षात घट याहून कमी येईल. का? कारण भोवतालची हवा मडक्याला सतत उष्णता पुरवत असते. हिशेब आणि नोंद जिथे जुळत नाहीत, तिथेच मुलांच्या मनात पहिला खरा प्रश्न उभा राहतो. घाबरून आकडे 'दुरुस्त' करणाऱ्या मुलाला त्या क्षणी शिक्षकाची सर्वांत अधिक गरज असते.

वेळेचे काय?

'एवढा वेळ कोठून आणायचा?' ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. बहुतेक ठिकाणी प्रदर्शनाचे पत्रक आल्यावर आठवडाभर धावपळ होते, आणि आठवड्याभरात प्रतिकृतीच होऊ शकते. उपाय एकच : आरंभ लवकर करावा. ऑगस्टमध्ये प्रश्न ठरवावा. गणपतीच्या सुमारास एक चाचणी घ्यावी. तीत तापमापी कमी पडते, रंग पोपडतो, कोण केव्हा नोंद घेणार यावरून भांडणे होतात. ही सारी कामाचीच माहिती आहे. मग दमट हवेतल्या चार-पाच दिवसांच्या नोंदी घ्याव्यात आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत तेच पुन्हा करावे. तुलना आपोआप मिळते. शेवटचे दोन आठवडे आलेख आणि लेखनासाठी राखून ठेवावेत. रोज लागतात दहा-पंधरा मिनिटे, तीही मुलांची.

साधनांचे निमित्तही फारसे टिकत नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील १६ ग्रामीण शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात साध्या साधनांनी मुलांनीच प्रयोग केले. तो २००२ मध्ये बंद झाला, पण साधने नव्हती म्हणून नव्हे. १९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचाही भर मुलांनी परिसरातला प्रश्न घेऊन केलेल्या अभ्यासावरच राहिला.

परीक्षकांची जबाबदारी

मूळ दुखणे मात्र परीक्षणात आहे. आपण ज्याला गुण देतो तेच पुढच्या वर्षी टेबलावर येते. सजावट आणि सफाईदार बोलणे यांना गुण मिळत राहिले, तर शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षकांनी प्रत्येक टेबलापाशी चारच प्रश्न विचारावेत : तुम्हाला काय ठाऊक नव्हते? ते कसे शोधले? किती वेळा मोजले? काय फसले? चौथ्या प्रश्नावर ज्या गटाचे चेहरे उजळतात, त्यांनी काम केले आहे असे खुशाल समजावे. दोन मडक्यांतला फरक अर्ध्या अंशाचा आणि रोजची तफावत एका अंशाची असेल, तर 'आम्हाला निश्चित सांगता येत नाही' असे म्हणणाऱ्या मुलीला पहिला क्रमांक द्यायची हिंमत आपल्यात हवी.

आठवी-नववीतली बहुसंख्य मुले पुढे शास्त्रज्ञ होणार नाहीत. पण औषधाची जाहिरात, बियाण्याचा दावा, मोबाइलवर फिरणारा चमत्कार यांच्यासमोर त्यांना आयुष्यभर उभे राहायचे आहे. तेव्हा 'हे कोणी मोजले? कशाशी ताडून पाहिले?' असे विचारण्याची सवय शाळेतच लागायला हवी. ती पाठांतराने लागत नाही. निदान यंदा प्रत्येक शाळेने एक तरी टेबल असे मांडावे, की ज्यावर प्रतिकृती नसेल. असेल ती खाडाखोड झालेली नोंदवही, एक आलेख आणि एक प्रामाणिक निष्कर्ष.