यादी कापलेले पुस्तक

मेक्सिकोच्या वायव्येला बाहा कॅलिफोर्निया नावाचा चिंचोळा द्वीपकल्प आहे. तो आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे एक आखात पसरले आहे. नकाशात त्याला कॅलिफोर्नियाचे आखात म्हणतात. जुने नाव कॉर्टेझचा समुद्र. निळे देवमासे, फिन देवमासे, डॉल्फिन आणि मांटा रे पाहण्यासाठी आज अनेक पर्यटक तेथे आठ-दहा दिवस बोटीवर मुक्काम करतात. याच आखातात १९४० साली 'वेस्टर्न फ्लायर' नावाची मासेमारी बोट भाड्याने घेऊन दोन मित्र गेले होते. एक कादंबरीकार जॉन स्टाइनबेक, दुसरा सागरी जीवशास्त्रज्ञ एडवर्ड रिकेट्स. ११ मार्चला ते माँटेरे बंदरातून निघाले आणि २० एप्रिलला परतले. सुमारे चार हजार मैलांचा प्रवास झाला आणि साडेपाचशेच्या आसपास जातींचे प्राणी गोळा झाले. या प्रवासावरचे पुस्तक आजही वाचले जाते. प्रवासवर्णन म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र ते थोडे तपासून वाचायला हवे.

रिकेट्सकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना बरणीबंद नमुने पुरवणे हा त्याचा व्यवसाय होता. किनाऱ्यावरील प्राण्यांविषयीचे त्याचे महत्त्वाचे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. स्टाइनबेकची सर्वांत गाजलेली कादंबरीही त्याच वर्षीची. दोघांचे संयुक्त पुस्तक, 'सी ऑफ कॉर्टेझ', १९४१च्या डिसेंबरात निघाले. त्याचे दोन भाग होते. पहिला प्रवासाचा वृत्तान्त. दुसरा गोळा केलेल्या प्राण्यांची सटीप यादी: कोणता प्राणी, कोठे, कोणत्या परिस्थितीत सापडला आणि त्याविषयी पूर्वी कोणी काय लिहिले. १९४८ साली मोटारीला आगगाडीची धडक बसून रिकेट्स मरण पावला. १९५१ साली वृत्तान्ताचा भाग तेवढा वेगळा काढून 'द लॉग फ्रॉम द सी ऑफ कॉर्टेझ' या नावाने छापण्यात आला. स्टाइनबेकने त्यात आपल्या मित्रावर एक सुंदर लेख जोडला. यादी मात्र गळली, आणि लेखक म्हणून स्टाइनबेकचे एकट्याचे नाव राहिले. आज बहुतेकांच्या हाती पडते ती हीच आवृत्ती.

वृत्तान्ताचे गुण आधी सांगायला हवेत. आरंभीच लेखकांनी सिएरा नावाच्या माशाचे उदाहरण घेतले आहे. हा आपल्या सुरमईचा जवळचा नातलग. त्याच्या पाठीवरच्या परांचे सूत्र १७-१५-९ असे आहे. फॉर्मॅलिनच्या बरणीतला ताठ, रंग उडालेला मासा काढून हे आकडे मोजले, तर ते निर्विवाद खरे असतात. पण तोच मासा गळाला लागला, दोरीने हात पोळले, त्याचे रंग डोळ्यांदेखत बदलत गेले, की माणूस आणि मासा यांच्यात एक नवे नाते तयार होते. ते आकड्यांत येत नाही. लेखकांचे म्हणणे असे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र आपण काय पाहायचे ठरवले होते, हे निरीक्षकाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बरणीतल्या नमुन्यांवर उपजीविका करणाऱ्या माणसाच्या पुस्तकात हा विचार यावा, याला विशेष अर्थ आहे.

मोठ्या प्राण्यांकडेही ते याच मोकळेपणाने पाहतात. उसळी मारणारे तलवारमासे, ट्यूनाचे थवे, देवमाशाच्या उच्छ्वासाचा कुजकट दर्प, सारे त्यात आहे. हा दर्प पर्यटकांच्या छायाचित्रांत येत नाही. पण पुस्तकातल्या माणसांचा खरा वेळ गेला तो ओहोटीच्या वेळी खडकांवर वाकून दगड उलटण्यात. देवमासा दिसणे ही नशिबाची गोष्ट. ओहोटीचे वेळापत्रक मात्र आधी माहीत असते आणि त्या वेळी तेथे हजर राहावे लागते. निरीक्षणाची ही शिस्त पुस्तकात कोठेही उपदेश न करता येते. ग्वायमासजवळ त्यांनी समुद्राचा तळ खरवडून कोळंबी काढणारा जपानी बोटींचा ताफा पाहिला. कोळंबीबरोबर वर आलेले मासे मेलेलेच समुद्रात परत टाकले जात होते. लेखक त्यावर कडक लिहितात. पण बोटीवरची माणसे भली होती हेही लिहितात, आणि आपल्या देशानेही जंगले आणि माती अशीच उधळली याची आठवण देतात.

आता दोष. पहिला दोष तत्त्वचिंतनाच्या अतिरेकाचा. ईस्टरच्या दिवसाच्या प्रकरणात रिकेट्सचा एक दीर्घ निबंध घातला आहे. 'हे कशासाठी?' असे विचारण्यापूर्वी 'हे कसे आहे?' असे विचारावे, हे त्याचे सूत्र. उदाहरण चांगले आहे: नॉर्वेत एका शिकारीच्या पक्ष्याची संख्या वाढावी म्हणून ससाण्यांसारखे शत्रू मारले गेले, पण त्यामुळे रोगट पक्षी वेळीच टिपले जाईनात, रोग पसरला आणि पक्षी उलट घटले. वर्गात सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. पण तेच सूत्र लेखक मंदीतल्या बेकारीला लावतात. कामेच कमी असतील तर काहीजण बेकार राहणारच, त्यात त्यांच्या आळसाचा प्रश्न नाही, असे ते म्हणतात. एवढे ठीक आहे. पण कामे कमी का झाली आणि ती वाढवता येतील का, हे प्रश्न मग बाजूलाच पडतात. निसर्गातली वस्तुस्थिती समजून घेणे वेगळे आणि समाजातली वस्तुस्थिती मान्य करणे वेगळे. ही सीमारेषा निबंधात पुसट झाली आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो, कारण तो पुस्तकाच्या स्वतःच्याच कसोटीवर उतरत नाही. स्टाइनबेकची पत्नी कॅरल संपूर्ण प्रवासात बोटीवर होती. वृत्तान्तात तिचे नाव एकदाही येत नाही. कप्तान, यंत्र सांभाळणारा, खलाशी, फार काय, सतत बिघडणारे छोट्या होडीचे यंत्रसुद्धा एक पात्र म्हणून येते. ती येत नाही. वृत्तान्त मुख्यतः रिकेट्सच्या रोजनिशीवर आधारलेला आहे, हेही १९५१च्या मुखपृष्ठावरून कोणाला कळणार नाही. निरीक्षकाने आपली जागा लपवू नये असे सांगणाऱ्या पुस्तकातच कोण तेथे होते आणि कोणी लिहिले, हे झाकले गेले.

तिसरा दोष लेखकांचा नसून आवृत्तीचा आहे: गळलेली यादी. वाचकाला ती रुक्ष वाटेल, हा प्रकाशनाचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण पुढे काय झाले ते पाहावे. २००४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ विल्यम गिली आणि त्यांचे सहकारी एका मासेमारी बोटीतून त्याच मार्गाने गेले. १९४०च्या ठिकाणांवर उतरून त्यांनी पुन्हा पाहणी केली. किनाऱ्यावरचे मोठे शंखवर्गी प्राणी आणि तारामासे त्यांना पूर्वीपेक्षा कमी आढळले. खुल्या समुद्रातही १९४०च्या वर्णनातली समृद्धी उरली नव्हती. उलट हम्बोल्ट स्क्विड हा मोठा माखलीवर्गी प्राणी, ज्याची जुन्या प्रवासात नोंद नाही, तो इतका विपुल झाला होता की त्याची मोठी मासेमारी चालत होती. ही तुलना शक्य झाली ती ठिकाणे, जाती आणि त्यांचे कमी-अधिक प्रमाण लिहून ठेवल्यामुळे. लोकप्रिय आवृत्तीने जे काढून टाकले, तेच चौसष्ट वर्षांनी कामाला आले.

या तुलनेलाही मर्यादा आहे. एका वर्षीची एक भेट आणि दुसऱ्या वर्षीची एक भेट यांवरून कारण सिद्ध होत नाही. हवामान, मासेमारी, वस्ती, सर्वांचा वाटा वेगळा करावा लागतो. शिवाय यादीत जे नाही त्याविषयी यादी गप्प असते. आखाताच्या अगदी उत्तर टोकाला वाकिटा नावाचा छोटा शिंशुक राहतो. जगात तो इतरत्र कोठेही नाही. 'वेस्टर्न फ्लायर' त्या टोकापर्यंत गेली नाही, आणि विज्ञानाने त्याची नोंद घेतली ती १९५८ साली, कवट्यांवरून. टोटोआबा माशासाठी लावलेल्या जाळ्यांत सापडून तो आता दहाच्या आसपास उरला आहे. १९४० साली तेथे किती वाकिटा होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे दापोली-हर्णे किंवा तारकर्लीला सहली जातात, होडीवाले डॉल्फिन दाखवतात, आणि सहलीनंतर मुले 'आम्ही डॉल्फिन पाहिले' असा निबंध लिहितात. तो निबंध जरूर लिहू द्यावा. आनंदही खरा असतो. त्याच्या खाली चार ओळी मात्र वाढवाव्यात: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, होडी कोणत्या बाजूला गेली, किती प्राणी दिसले, किती वेळ पाहिले, आणि होडीत कोण कोण होते. डॉल्फिन दिसले नाहीत तर तेही लिहावे. ही वही शाळेत ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती मिळाली पाहिजे.

'द लॉग फ्रॉम द सी ऑफ कॉर्टेझ' जरूर वाचावे. ग्रंथालयात मिळाली तर १९४१ची पूर्ण आवृत्ती मागावी, आणि मागची पाने न चाळता पुस्तक परत करू नये.