पन्नास मिलिमीटरचं वाङ्मय

मी बी. कॉम. झालो तेव्हा साहित्याशी माझा संबंध कायमचा तुटला, असं आमच्या घरी सगळ्यांनीच धरून चाललं होतं. पण नशिबात लिहिलेलं वाङ्मय टळत नाही. बँकेनं मला वाहनकर्जाच्या टेबलावर बसवलं आणि माझी गाठ ट्रकवरच्या मजकुराशी पडली.

त्याचं असं आहे, की ज्या ट्रकला आम्ही कर्ज देतो त्यावर 'हायपोथिकेटेड टू' असं लिहून पुढे आमच्या बँकेचं नाव रंगवून घ्यायचं, अशी करारात अट असते. ते रंगवलं आहे की नाही हे पाहायला साहेब जातात, आणि साहेबांना कंटाळा आला की कारकून जातो. म्हणजे मीच. गेली कित्येक वर्षं मी बँकेच्या खर्चानं ट्रकभोवती प्रदक्षिणा घालतो आहे. समीक्षक म्हणवणाऱ्यांनी पुस्तकांभोवतीसुद्धा इतक्या घातल्या नसतील. तेव्हा माझा अधिकार काय, असं कुणी विचारू नये.

ट्रकवरच्या वाङ्मयाचे दोन मुख्य प्रकार आहेत : सक्तीचं आणि हौसेचं.

सक्तीच्या वाङ्मयाचा आद्य ग्रंथ म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. यातला ५१ वा नियम नंबरप्लेटचा. ट्रकच्या नंबराचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर. अक्षरं इंग्रजी, शाई काळी, पार्श्वभूमी पिवळी. आकृतिबंधाचा इतका कडक आग्रह आमच्या नवकवींना कुणी धरला असता, तर आज किती कागद वाचला असता! २०१९ पासून तर नव्या गाड्यांच्या या पाट्या ठशानं उठवूनच येतात. पेंटरच्या कुंचल्याला तिथं मज्जाव.

परंपरेचा अभिमानही याच वाङ्मयात पाहावा. १९३९ च्या मोटार कायद्यात मालमोटारींचे 'पब्लिक कॅरियर' आणि 'प्रायव्हेट कॅरियर' असे दोन वर्ग होते. १९८८ च्या कायद्यानं तो भेद काढून टाकला. पण ही बातमी पेंटरांना कुणी सांगितलीच नाही. ते आपले पुढेही वर्षानुवर्षं ट्रकच्या कपाळावर 'पब्लिक कॅरियर' रेखत राहिले. लहानपणी ते वाचून मी आईला विचारलं होतं, "पब्लिकचा आहे ना? मग आपण एस. टी. ची वाट का बघतोय?" आईनं उत्तर दिलं नाही, कान धरला. टीकाकाराला मिळालेला तो पहिला प्रतिसाद.

हौसेचं वाङ्मय ट्रकच्या पाठीवर असतं. आईचा आशीर्वाद, मुलांची नावं, कमळ, मोर, पुन्हा भेटू. यातली सर्वांत गाजलेली कृती 'हॉर्न ओके प्लीज'. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी तिच्यावर बंदी आणली. कारण काय, तर हे वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात! लिहिलेलं वाचून माणसं तसं वागतात, असं सरकारनं लेखी मान्य केलं. आमच्या एकाही विनोदी लेखकाच्या वाट्याला हा मान आलेला नाही.

आमच्या बँकेचं वाङ्मय मात्र सक्तीचंही आणि नीरसही. पेंटरला ते कधी नीट लिहिता येत नाही. एकानं तर चक्क 'हायपोथकीत टू' असं लिहिलं होतं. त्या गाडीचे चार हप्ते खरोखरच थकले होते. इतकं मार्मिक भाष्य आमच्या ऑडिटरलाही कधी जमलं नाही. मी ते खोडायला सांगितलं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. गेल्या दसऱ्यानंतर कळंबोलीला एका टँकरच्या तपासणीला गेलो होतो. नवा रंग लखलखत होता. मोराच्या पिसाऱ्यातला डोळा न् डोळा मोजून घ्यावा असा. बँकेचं नावही होतं. मी फॉर्मवर 'होय' लिहिलं. तेवढ्यात बाजूच्या फलकाकडे लक्ष गेलं. काहीतरी पुसट होतं.

"मामा, काय भरलंय यात?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"ॲसिडच असंल, साहेब. पाटीवर लिवलंय की."

"पाटीवरचं वाचता येत नाही."

"मग त्या फोनवर इचारा. खाली नंबर हाय."

"नंबराचे शेवटचे दोन आकडे गेलेत."

मामांनी चष्मा लावून पाहिलं. मग मला म्हणाले, "आयला!"

हा फलक १३४ व्या नियमातला. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे तो लावायचा. पदार्थाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, वर्गाचा क्रमांक १०० मिलिमीटर, धोक्याचं चिन्ह २५० मिलिमीटरच्या चौकोनात, आणि संकटात कुणाला फोन करायचा त्यांचं नाव नि नंबर. टँकर घाटात कलंडला की आगीच्या बंबावरचा माणूस धावत येऊन आधी हेच वाचतो. पाणी मारावं की मारू नये, हे त्याला तिथंच कळतं. काही पदार्थ पाण्यानं विझत नाहीत, उलट भडकतात. अख्ख्या ट्रकवर जीव मुठीत धरून वाचण्याजोगा मजकूर हा एवढाच. आणि नेमका तोच पुसलेला! मोर ताजा, आशीर्वाद ताजा, बँक ताजी.

दोष एकट्या मालकाला देता येईना. माझ्या छापील फॉर्मात 'बँकेचे नाव रंगवले आहे काय?' असा रकाना होता. फलकाचा रकाना नव्हता. आमची नजर आमच्या पैशावर, मालकाची मोरावर. समीक्षेतही हेच चालतं : मुखपृष्ठाची तारीफ होते, आणि आतलं पान फाटलेलं असतं.

फॉर्मवर सही करायचं मी थांबवलं. मामांनी मालकाला फोन लावून पदार्थाचं नाव आणि पुरा नंबर विचारून घेतला नि शेजारच्या पेंटरला हाक मारली. तो डबा घेऊन आला आणि म्हणाला, "डिझाइन कोणतं घालू?"

तासाभरानं तिन्ही फलक तयार झाले. टपोरी, ठसठशीत अक्षरं. शेवटी त्यानं न राहवून एक लहानसं कमळही काढलं. नियमात कमळ बसतं की नाही ते मी पाहिलं नाही. वीस पावलं मागे गेलो, चष्मा काढला, आणि वाचून पाहिलं. सगळं वाचता आलं.

मग फॉर्मवर सही केली, आणि रकाना नसलेल्या जागी, समासात, लिहिलं : 'मजकूर वाचनीय.'