दर्शन झालं, भेट राहिली



आजचा विषय ऐकून एक-दोघांनी मला दारातच विचारलं की, सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता हे बिझनेस कोचचं काय काढलं? त्यांना म्हटलं, बसा, सांगतो. गुरू कुणाला म्हणायचं आणि ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जातं कसं, हे आमच्या विषयाचे सर्वांत जुने प्रश्न आहेत. ते आज ग्रंथालयात कमी आणि मोबाइलवर जास्त विचारले जातात, एवढाच फरक.

अमरावती-अकोल्याकडचा विशी-तिशीतला मुलगा घ्या. घरी शेती, नाहीतर वडील नोकरीत. धंदा कुणी केलेला नाही. त्याला दुकान टाकायचंय, वर्कशॉप काढायचंय. विचारायचं कुणाला? बाजारपेठेत जी जुनी व्यापारी घराणी आहेत, त्यांच्या मुलांना हे ज्ञान जेवणाच्या ताटावर मिळतं. कोणता माल कधी भरायचा, कुणाला उधार द्यायचं, कुणाला हसून नाही म्हणायचं, हे सारं ती ऐकत ऐकत मोठी होतात. आपला मुलगा त्या पंगतीत नाही. मग तो मोबाइल उघडतो. तिथं कुणीतरी त्याच्या भाषेत, त्याला समजेल असं बोलतो. किंमत कशी ठरवायची, जीएसटी म्हणजे काय, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं. यातलं बरंच उपयोगाचं असतं. मी या मार्गदर्शकांना सरसकट भोंदू म्हणणार नाही. कॉलेजातल्या तीन वर्षांत जे कुणी सांगितलं नाही ते त्यांनी सांगितलं, हे मान्य करूनच पुढं जाऊ.

आता या ऐकण्यातून एक नातं तयार होतं. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या सूत्रधारांबद्दल एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असा भास होतो, आपण त्याला ओळखायला लागतो, त्याची काळजीही करतो. मात्र तो आपल्याला ओळखत नाही. जवळीक खरी वाटते, पण एकाच बाजूनं. त्या काळी हा माणूस बैठकीच्या खोलीत ठरलेल्या वेळी यायचा. आता तो खिशात असतो, कानात असतो, दिवसातून चार वेळा असतो.

आणि मग एक दिवस जाहिरात येते, 'सर आपल्या शहरात येत आहेत'.

अशी संमेलनं एकदा बघावीत, एखादा कलाप्रकार बघावा तशी. मोठा आवाज, दिवे, प्रवेशाचं संगीत. साधं तिकीट वेगळं, पुढच्या रांगेचं वेगळं, सोबत जेवायचं वेगळं. वक्ता येतो तेव्हा लोक उभे राहतात. तो आपल्या गरिबीची गोष्ट सांगतो, मग पडण्याची, मग उठण्याची. मधूनमधून विचारतो, ज्यांना मोठं व्हायचंय त्यांनी हात वर करा. आता मला सांगा, या प्रश्नाला हात खाली कोण ठेवेल? ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे तो प्रश्न कसला? ती हजेरी झाली. शेवटी पुढच्या कोर्सची घोषणा, आजच्या पुरती सवलत, आणि फोटोची रांग.

अमरावतीतल्या अशाच एका संमेलनाला माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याहून आला होता. त्याचं तिकडं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. अकोल्यात डाळमिल पुष्कळ. हा त्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनवतो. त्याची अडचण एकच, उधारी. मिलवाले माल घेतात आणि पैसे चार-चार महिने देत नाहीत. हाच एक प्रश्न तो दोन वर्षं मनात घेऊन होता, आणि तो सरांना समोरासमोर विचारायचा होता. संध्याकाळी माझ्याकडे आला तो चेहरा उजळूनच. "सर, भेटलो न जी एकदाचा!"

मी विचारलं, "उधारीचं काय म्हणाले?"

"ते इचारताच नाही आलं सर. मागे लाइन होती. पण खांद्यावर हात ठेवला त्यांनी. म्हणाले, विचार मोठे ठेव."

मला त्याच्या आनंदावर पाणी टाकायचं नव्हतं. पण मंडळी, आपल्या भाषेत याला दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण एक करून टाकले आहेत. एक दर्शन आणि दुसरा भेट. पंढरीला आपण दर्शनाला जातो. तिथं क्षणभर पायावर डोकं टेकलं की पुरतं. विठ्ठलाला कुणी उधारीचा हिशेब विचारत नाही आणि त्यानं विचारावा अशी अपेक्षाही नसते. दर्शनात समोरच्यानं बदलायचं नसतं, उत्तर द्यायचं नसतं. भेट म्हणजे दोन माणसांची. तीत मी विचारतो, तो विचारतो, माझं ऐकून त्याला स्वतःचं म्हणणं कदाचित बदलावं लागतं. दर्शन ही हलकी गोष्ट नाही, पण ती देवाच्या ठिकाणी. या संमेलनांवर माझा मुख्य आक्षेप हा की, ती तिकीट भेटीचं विकतात आणि देतात दर्शन.

यानं बिघडतं काय? बिघडतं ते असं. त्या मुलाच्या प्रश्नाचे दोन भाग होते. पहिला भाग नियमाचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात तो लिहिलेला आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी परिषद आहे. हे समजायला कुणाला भेटायची गरज नाही. दहा मिनिटांचा व्हिडिओ पुरे.

दुसरा भाग अवघड. तक्रार केली तर उद्या तो मिलवाला माल घेईल का? अकोल्याचा बाजार केवढा, सगळे एकमेकांना ओळखतात. कुणावर कायदा दाखवायचा, कुणाकडे नुसतं जाऊन बसायचं, कोणतं गिऱ्हाईक सोडून द्यायचं? हे कोणत्याही व्हिडिओत नसतं. अॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या ग्रंथात, सहाव्या भागात, नेमका हा भेद केलाय. तो म्हणतो, तरुण माणूस गणितात पारंगत होऊ शकतो, व्यवहारातल्या शहाणपणात होत नाही. कारण ते शहाणपण एकेका प्रसंगाबद्दलचं असतं आणि प्रसंग अनुभवानंच कळतात. त्याचा शब्द 'फ्रोनेसिस'. आपण विवेक म्हणू. म्हणजे बघा, नियम पडद्यावरून शिकता येतो. विवेकासाठी मात्र तुमचा बाजार, तुमची वही, तुमचा स्वभाव जाणणारा माणूस समोर लागतो. प्रत्यक्ष भेटीची गरज जर कुठं असेल तर ती इथं होती. आणि नेमकी इथंच फोटोची रांग पुढं सरकली.

गुरूला न भेटता शिकलेला आपल्याकडचा सर्वांत मोठा विद्यार्थी कोण? एकलव्य. महाभारताच्या आदिपर्वातली ती कथा मी पुष्कळदा शिकवली, पण या मोबाइलच्या दिवसांत ती मला फार जवळची वाटते. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणांनी त्याला शिकवायचं नाकारलं. आजचा आपला मुलगा पंगतीबाहेर आहे, तसाच तोही. त्यानं मातीचा पुतळा केला आणि त्याच्यासमोर सराव केला. आता विचार करा, त्या पुतळ्यानं त्याला काय शिकवलं? काहीच नाही. शिकवलं त्याच्या सरावानं, चुकलेल्या बाणानं आणि लागलेल्या बाणानं. पण श्रेय त्यानं पुतळ्याला दिलं. आणि ज्या दिवशी खरे द्रोण समोर आले, त्या दिवशी त्यांनी त्याला एक धडाही दिला नाही. दक्षिणा तेवढी मागितली, अंगठा.

आपल्याकडे ही गोष्ट गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगतात. मी ती इशारा म्हणून सांगतो. आपल्या कष्टाचं श्रेय पुतळ्याच्या नावावर लिहिलं की, खरा गुरू येऊन जे मागेल ते देणं आपल्याला ऋणफेड वाटतं. एक-दोन लाखांचा पुढचा कोर्स कर्ज काढून घेणारी मुलं बघतो तेव्हा मला तो अंगठा आठवतो.

इथं कुणी म्हणेल, पण सर, मंचावर यशस्वी झालेले विद्यार्थी उभे करतात ना! करतात. यावर एक जुनी गोष्ट आहे, सिसेरोनं सांगितलेली. डायागोरस नावाच्या नास्तिकाला कुणी देवळातली चित्रं दाखवली, नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांची. बघ, देव आहे की नाही? त्यानं उलट विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठं लावलीत? आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालं नाही.

आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीनं शेअर बाजाराचे लोकप्रिय मराठी प्रशिक्षक अवधूत साठे आणि कर्जतच्या त्यांच्या अकादमीविरुद्ध आदेश काढला. नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला दिल्याचा ठपका ठेवून सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश दिले. तो अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. त्यावरून मी माणसाचा न्याय करणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला एक मुद्दा. नफा झालेल्या प्रशिक्षणार्थींची उदाहरणं तेवढी निवडून दाखवली गेली, असं सेबीचं म्हणणं होतं. म्हणजे डायागोरसनं विचारलेला प्रश्न आज एक सरकारी नियामक विचारतोय.

याला जोडून 'माइंडसेट' नावाचा शब्द येतो. यश आलं तर पद्धत सरांची; अपयश आलं तर तुमचा माइंडसेट कच्चा. कार्ल पॉपरचा निकष असा होता की, जे विधान कोणत्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही, ते विज्ञान नव्हे. इथं तर त्याहून वाईट होतं. पैसे गेलेच, वर मुलगा घरी येऊन स्वतःलाच दोष देत बसतो. बापाला सांगत नाही, बायकोला सांगत नाही. दुष्काळानं बुडालेल्या शेतकऱ्याला निदान आभाळाकडे बोट दाखवता येतं. याला तेही नाही.

मग चांगला मंच असतो तरी कसा? वऱ्हाडातल्या माणसाला हे बाहेरून शिकायची गरज नाही. शेंडगावचे गाडगेबाबा गेले ते याच अमरावतीजवळ, वलगावला, १९५६ साली. त्यांचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतली प्रश्नोत्तरं. समोरच्या माणसांना विचारायचे, कर्ज काढून जेवणावळी का घालता, पोराला शाळेत का घालत नाही, दारू का पिता. उत्तर ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातून शोधून द्यावं लागायचं. पाया पडू द्यायचे नाहीत, कुणाला शिष्य म्हणायचे नाहीत. आणि कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, म्हणजे वक्ता कोण आहे हे गावानं बोलण्याआधीच पाहिलेलं असायचं. दर्शन नाकारून भेट देणारा असा माणूस आपल्या मातीत होऊन गेला.

आजचंही उदाहरण आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी. शेतकरी प्रत्यक्ष शेतात उतरतो, पीक उभं असतं, शेजारी ते पेरणारा शास्त्रज्ञ उभा असतो. शेतकरी पान उलटून बघतो, कीड दिसली तर तिथंच विचारतो. तिथं टाळ्यांपेक्षा पीक काय सांगतं ते महत्त्वाचं.

तेव्हा तरुण मित्रांनो, मी तुम्हाला जाऊ नका म्हणत नाही. जा. पण परत येताना गाडीत स्वतःला दोन-तीन गोष्टी विचारा. आज त्यांनी मला माझ्या धंद्याबद्दल काय विचारलं? बुडालेल्यांपैकी कुणी मंचावर होतं का? आणि त्यांची कमाई धंद्यातून होते की धंदा शिकवण्यातून? उत्तरं मनासारखी नसली तरी खचू नका. जे शिकलात ते तुमच्याच सरावाचं आहे, ते कुणी परत मागू शकत नाही. अंगठा मात्र सांभाळा.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पुढे भेट मिळाली, ती त्याच्याच गल्लीत. त्याच मिलवाल्यांना वर्षानुवर्षं पट्टे-बेल्ट पुरवलेले एक निवृत्त दुकानदार आहेत. त्यांनी त्याची उधारीची वही मागून घेतली, दोन तास वाचली, तीन नावांवर खूण केली आणि म्हणाले, "बाप्पा, या तिघायले माल बंद कर, बाकीच्यायच्या घरी मी येतो तुयासंगं." फी घेतली नाही. चहा घेतला.

एवढं बोलून थांबतो. आता माईक तुमच्याकडे. माझं कुठं पटलं नाही, ते आधी विचारा.