चंद्रपूर-गडचिरोलीतील नेचे व संदर्भग्रंथाची निवड : एक चिकित्सा

चंद्रपूर व गडचिरोलीतील नेचे ओळखण्यासाठी ब्लॅटर व डी’आल्मेडा यांचा ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ (१९२२) हा ग्रंथ प्रथम आठवणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काळी हा प्रदेश मध्य प्रांतात होता. मुंबई राज्यात तो १९५६ साली समाविष्ट झाला. ग्रंथातील कुंजी मात्र कोणत्याही नमुन्यास कुठल्यातरी नावापर्यंत नेतेच. त्यामुळे ग्रंथाच्या कक्षेबाहेरील जातीलाही चुकीचे नाव मिळण्याचा धोका संभवतो.

बेडोम यांच्या ग्रंथाची (१८८३) व्याप्ती संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानाची असून तो सचित्र आहे. तथापि त्यातील नावे कालबाह्य झाली आहेत. हंसराजाच्या ‘एडिअँटम लुन्युलॅटम’ या नावाऐवजी आज ‘एडिअँटम फिलिपेन्स’ हे नाव ग्राह्य मानले जाते. अशा दुरुस्तीसाठी फ्रेझर-जेन्किन्स व सहकाऱ्यांची सटीप सूची (२०१७-२०२१) उपयुक्त ठरते.

सारांश, कोणताही एक ग्रंथ पुरेसा नाही. ओळख बेडोमवरून पटवावी, नाव सूचीवरून तपासावे आणि बीजाणुधानीयुक्त पर्णासह वाळविलेला नमुना महाविद्यालयात जतन करावा. नमुना उपलब्ध असेल, तरच आपली चूक पुढील अभ्यासकास दुरुस्त करता येईल.